मेलेला खुनी पुढच्या भागात परत कसा येतो?

स्लॅशर, म्हणजे खुनी एकेकाला गाठून मारत जातो अशा, चित्रपटांच्या पुढच्या भागांतले योगायोग आणि विसंगती यांवर वाचकांनी प्रश्न पाठवले आहेत. मी सेटवर कंटिन्युइटी बघते. पात्राच्या कोणत्या हातात पिशवी होती, शर्टाचं कितवं बटण उघडं होतं, रक्ताचा डाग डाव्या बाहीवर होता की उजव्या, हे प्रत्येक टेकनंतर फोटो काढून टिपून ठेवणं हे माझं काम. एका रात्रीत संपलेली गोष्ट काही वर्षांनी दुसऱ्याच माणसांनी पुढे नेली की तिचे टाके कुठे उसवतात, हे बघायची त्यामुळे सवयच लागली आहे. उत्तरांमध्ये चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत, हे आधीच सांगते.

प्रश्न : ‘हॅलोवीन’मधला खुनी मायकेल मायर्स हा नायिका लॉरीचा भाऊ आहे की नाही? एका भागात आहे, दुसऱ्यात नाही. खरं काय मानायचं?

उत्तर : सर्वाधिक पत्रांत हाच प्रश्न होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जॉन कार्पेंटर यांचा १९७८चा मूळ चित्रपट बघा. त्यात मायकेल आणि लॉरी स्ट्रोड यांचं काहीही नातं नाही. लॉरीचे वडील घरं विकण्याच्या व्यवसायात आहेत. ते तिला सकाळी सांगतात, की जाता जाता मायर्सच्या जुन्या घराची किल्ली तिथे ठेवून ये. ती दाराशी येते, वाकून किल्ली ठेवते, आणि आत मायकेल उभा असतो. बस्स, एवढंच कारण. त्या सकाळी दुसरं कुणी आलं असतं, तर तो दुसऱ्या कुणाच्या मागे लागला असता. मला हा योगायोग फार मोलाचा वाटतो, कारण चित्रपटाची सगळी भीती त्याच्यावर उभी आहे.

नातं आलं ते १९८१च्या दुसऱ्या भागात. त्याची पटकथाही कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांचीच, दिग्दर्शन मात्र रिक रोझेन्थल यांचं. तिथे नर्स मॅरियन गाडीत, मनोरुग्णालयात मायकेलवर उपचार करणाऱ्या डॉ. लूमिसना सांगते, की सरकारी आदेशाने बंद ठेवलेली एक फाइल आहे आणि लॉरी ही मायकेलची धाकटी बहीण आहे. आईवडील गेल्यावर तिला स्ट्रोड कुटुंबाने दत्तक घेतलं. ही कल्पना लिहिता लिहिता गोष्ट पुढे सरकेना म्हणून आली, आणि ती आपल्याला कधी पटली नाही, असं कार्पेंटर यांनी नंतर मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं आहे.

काही वाचक ठामपणे लिहितात, की पहिल्या भागातही इशारा होता, मनोरुग्णालयाच्या दारावर ‘बहीण’ असा शब्द खरवडलेला दिसतो. तुम्ही बघितलंत ते बरोबर आहे, पण तो प्रसंग १९७८चा नाही. पहिला चित्रपट टीव्हीवर दाखवायचा ठरला तेव्हा काटछाट झाल्यामुळे वेळ कमी पडत होता. म्हणून दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणाच्या वेळीच काही जादा प्रसंग चित्रित करून पहिल्यात जोडले गेले. दारावरचा शब्द त्यातला. पुढच्या भागाने मागे जाऊन आधीच्या भागात पुरावा ठेवला. कंटिन्युइटी बघणाऱ्या माणसाला यापेक्षा अस्वस्थ करणारी गोष्ट सांगता येणार नाही.

आता हे नातं खरं धरून पहिला भाग परत बघा. १९६३च्या त्या रात्री सहा वर्षांचा मायकेल स्वयंपाकघरातून सुरी घेतो, जिना चढतो, मोठी बहीण ज्युडिथला मारतो, आणि बाहेर येतो तेव्हा आईवडील समोर उभे असतात. लॉरी १९७८मध्ये सतरा वर्षांची, म्हणजे त्या रात्री दोन वर्षांची. ती कुठे आहे? आईवडिलांच्या कडेवर नाही. घरात रडण्याचा आवाज नाही. तिचा पाळणा, खेळणं, बाटली, काही दिसत नाही. दिसणारच नाही, कारण ती लिहिली गेली तीन वर्षांनी. रॉब झॉम्बी यांनी २००७मध्ये ही गोष्ट नव्याने केली तेव्हा ही जागा नेमकी भरली. तिथे खुनांच्या रात्री तान्ही बहीण घरात आहे आणि मायकेल तिला उचलून घेतो.

आणखी एक. नातं आणलं ते ‘लॉरीच का?’ या प्रश्नाला कारण मिळावं म्हणून. पण त्याने योगायोग कमी झाला नाही, उलट वाढला. अनोळखी मुलगी किल्ली ठेवायला येते हे रोजच्या जगण्यात घडेल. मायकेल पळून घरी पोचतो आणि त्याच सकाळी, त्याच दाराशी, गावातल्या सगळ्या माणसांतून त्याची हरवलेली बहीणच स्वतःहून येऊन उभी राहते, हे घडणं किती तरी अवघड.

२०१८च्या डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांच्या चित्रपटाने पहिला भाग सोडून बाकी सगळं पुसलं. तिथे लॉरीची नात ॲलिसन मित्रमंडळींना सांगते, की भाऊबहिणीची गोष्ट लोकांनी रचलेली आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : १९८१ ते २००२च्या वाटेवर तो भाऊ आहे, २०१८च्या वाटेवर नाही. मला विचाराल तर नाही.

प्रश्न : पुढच्या भागांत नेहमी एखादा लपलेला नातेवाईकच का सापडतो?

उत्तर : कारण नव्या लेखकाला खुनासाठी नवं कारण हवं असतं आणि आधीच्या भागांत जे दाखवलेलं आहे ते बदलता येत नाही. मग जे दाखवलेलं नाही तिथे हात घालायचा. कुटुंबाचा भूतकाळ ही तशी सगळ्यात सोपी जागा. ‘सायको २’ (१९८३)मध्ये एमा स्पूल ही बाई ‘मीच तुझी खरी आई’ म्हणत नॉर्मनसमोर येते, आणि तीनच वर्षांनी ‘सायको ३’ सांगतो, की ती आई नव्हती, मावशी होती. ‘फ्रेडीज डेड’ (१९९१)मध्ये फ्रेडीला मुलगी निघते. ‘जेसन गोज टू हेल’ (१९९३)मध्ये जेसनला बहीण निघते. त्याआधीच्या आठ भागांत तिचा उल्लेखही नाही.

यात मला त्यातल्या त्यात ‘स्क्रीम ३’ (२०००) बरा वाटतो. रोमन हा सिडनीचा सावत्र भाऊ निघतो हे ओढूनताणून आहे, मान्य. पण सिडनीच्या आईच्या आयुष्यात काही दडलेलं आहे हे पहिल्या भागापासून सांगितलेलं होतं. तिचा खून हीच त्या गोष्टीची सुरुवात. जिथे आधीच झाकण होतं तिथलंच उघडलं. पहिल्या भागातला खुनी बिली मात्र त्यामुळे लहान होतो. त्याचा राग त्याचा स्वतःचा होता. तो रोमनने पेटवून दिलेला निघाला की पहिल्या भागातल्या त्या शेवटच्या प्रसंगाचं वजन उतरतं.

प्रश्न : ‘हॅलोवीन २’ पहिल्या भागाच्या त्याच रात्री सुरू होतो. मग मायकेलचा मुखवटा वेगळा का दिसतो? आणि लॉरीचे केसही?

उत्तर : शाबास! असे प्रश्न आले की मला फार आनंद होतो.

मुखवटा तोच आहे. पहिल्या चित्रपटाचा खर्च जेमतेम तीन लाख डॉलरच्या आसपास होता. टॉमी ली वॉलेस यांनी दुकानातून ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा तयार मुखवटा आणला, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला, केस विस्कटले. तीन वर्षांत ते रबर जुनं झालं, पिवळट पडलं. शिवाय आत माणूस दुसरा. पहिल्या भागात बहुतेक प्रसंगांत निक कॅसल, दुसऱ्यात डिक वॉरलॉक. डोक्याचा आकार बदलला की त्याच मुखवट्याचे गाल पसरतात, कपाळ ताणलं जातं, डोळे सरकतात.

केसांचं कारण सरळ आहे. जेमी ली कर्टिस यांनी मधल्या काळात केस कापले होते, म्हणून दुसऱ्या भागात टोप वापरला. पडद्यावर काही मिनिटं उलटतात, अभिनेत्रीच्या आयुष्यात तीन वर्षं.

यापेक्षा खटकण्यासारखं ‘हॅलोवीन एच२०’ (१९९८)मध्ये आहे. तिथे एकाच चित्रपटात मायकेल वेगवेगळ्या मुखवट्यांत दिसतो, कारण चित्रीकरण सुरू झाल्यावर निर्णय बदलत गेले. एका शॉटमध्ये तर मुखवटा संगणकावर काढून चिकटवला आहे. तो ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, थांबून बघा.

प्रश्न : दुसऱ्या भागात लॉरी मायकेलच्या दोन्ही डोळ्यांत गोळ्या घालते. चौथ्या भागात त्याला नीट दिसतं. कसं?

उत्तर : कारण दिलेलं नाही. त्याच शेवटात रुग्णालयात स्फोट होऊन तो आणि डॉ. लूमिस दोघेही आगीत सापडतात. १९८८च्या चौथ्या भागात डॉ. लूमिस भाजल्याचे व्रण आणि लंगडणारा पाय घेऊन येतात, मायकेल दहा वर्षं बेशुद्ध होता असं सांगतात. आगीचा हिशेब दिला, डोळ्यांचा विसरले. माणसाच्या अंगावर खुणा ठेवल्या, खुन्याच्या नाही. या सगळ्या मालिकांमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसेल.

प्रश्न : ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये जेसन लहानपणी तळ्यात बुडाला म्हणून त्याची आई खून करते. मग दुसऱ्या भागात तो धडधाकट मोठा माणूस होऊन येतो. तो जिवंत होता तर आईने सूड कशाचा घेतला?

उत्तर : ही भेग मालिकेच्या पायातच आहे आणि ती कुणी बुजवलेली नाही.

१९८०च्या चित्रपटात खुनी आहेत मिसेस व्हूरहीस, म्हणजे बेट्सी पामर. १९५७मध्ये शिबिराच्या देखरेखीवरच्या मुलामुलींचं लक्ष नव्हतं आणि जेसन बुडाला, म्हणून १९५८मध्ये दोन खून, आणि बऱ्याच वर्षांनी शिबिर परत उघडतंय कळल्यावर पुढचे. जेसन मेलेला आहे यावरच ही गोष्ट चालते. शेवटी जिवंत राहिलेली ॲलिस होडीत असताना तळ्यातून कुजलेला मुलगा उसळून तिला खाली ओढतो. हा धक्का मेकअपचं काम करणाऱ्या टॉम सॅव्हिनी यांनी सुचवला. ‘कॅरी’ (१९७६)च्या शेवटासारखं प्रेक्षकांना खुर्चीतून उडवायचं, एवढाच हेतू. ॲलिस रुग्णालयात जागी होते, पोलीस म्हणतो आम्हाला कुणी मुलगा सापडला नाही, आणि ती म्हणते, म्हणजे तो अजून तिथेच आहे. स्वप्न होतं असं समजूनच तो प्रसंग उभा केलेला. पुढे त्या स्वप्नावर मालिका बांधली गेली. जेसन जिवंत ही कल्पनाच न पटल्याने सॅव्हिनी दुसऱ्या भागात नव्हते.

स्टीव्ह मायनर यांच्या दुसऱ्या भागात (१९८१) उत्तर मिळतं ते शेकोटीभोवतीच्या गोष्टीतून : मृतदेह सापडलाच नव्हता, तो जंगलात वाढला, आणि त्याने आईचं शिर उडताना बघितलं. या भागाची नायिका गिनीही बारमध्ये बसून असाच अंदाज करते. हे पात्रांचे तर्क आहेत. आपल्याला दाखवलेलं काहीच नाही. तळ्याकाठी वाढलेला मुलगा इतकी वर्षं आईला का भेटला नाही? तिला तो का दिसला नाही? आणि जंगलात वाढलेल्या या माणसाने दोनच महिन्यांत ॲलिसचं घर कसं शोधून काढलं? तिथे तो आईचं शिर घेऊन पोचतो आणि ते फ्रिजमध्ये ठेवतो. मला यातल्या एकाही प्रश्नाचं पटेल असं उत्तर चित्रपटात सापडत नाही.

तरीही गिनीचा शेवट मी या मालिकेतला सगळ्यात चांगला लिहिलेला प्रसंग मानते. ती मिसेस व्हूरहीसचा स्वेटर घालते, आवाज चढवून जेसनला आईसारखी आज्ञा करते, आणि तो थबकतो. पायातली भेग लेखकाने त्या एका प्रसंगापुरती कामाला लावली. ज्या मुलाला आई मिळालीच नाही तो स्वेटर बघून थांबेल, हे मनाला पटतं. तारखा जुळत नाहीत, माणूस जुळतो.

प्रश्न : या मालिकेतले सगळे भाग खरंच शुक्रवारी तेरा तारखेला घडतात का?

उत्तर : नाही, आणि हिशेब करायला मजा येते. पहिल्या भागात पडद्यावर शुक्रवार, १३ जून अशी अक्षरं येतात. १३ जूनला शुक्रवार होता तो १९८०मध्ये. पण १९८४च्या चौथ्या भागात मिसेस व्हूरहीसची कबर दिसते, तिच्यावर १९३०–१९७९ कोरलेलं आहे. १३ जून १९७९ हा बुधवार.

कबरीवरचं वर्ष धरलं तर ‘पाच वर्षांनी’ म्हणणारा दुसरा भाग १९८४मध्ये येतो. तिसरा भाग त्याच्या लगेच दुसऱ्या दिवशी, चौथा त्याला जोडून. दुसऱ्या भागातला दिवस शुक्रवार तेरा धरला, तर तिसरा शनिवारी चौदाला घडला. चौथ्यात बारा वर्षांचा असलेला टॉमी पाचव्यात जवळजवळ तरुण झालेला, म्हणून १९८५ आणि १९८६ साली आलेले पाचवा-सहावा भाग गोष्टीच्या कॅलेंडरवर १९९०च्या आसपास पोचतात. गाड्या, कपडे, केस मात्र प्रदर्शनाच्या वर्षाचे. याचा मला त्रास होत नाही. कॅलेंडर घेऊन चित्रपट बघायला कुणी बसत नाही, आणि भीतीला साल लागत नाही.

प्रश्न : आठव्या भागात तळ्यातला जेसन न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजावर कसा चढतो?

उत्तर : तळ्यातली होडी वाहत वाहत बंदरापर्यंत जाते, असं दाखवलंय. म्हणजे सात भाग जे तळं होतं ते आठव्यात समुद्राला मिळालं. ‘जेसन टेक्स मॅनहॅटन’ (१९८९) हे नाव आधी ठरलं की वाट कशीही काढावी लागते. शिवाय बराचसा चित्रपट जहाजावरच घडतो आणि चित्रीकरणही बहुतेक व्हँकूव्हरमध्ये झालं. शेवटी गटाराच्या विषारी पाण्यात जेसन विरघळून लहान मुलगा होतो. चार वर्षांनी पुढचा भाग सुरू होतो तेव्हा तो धिप्पाड शरीरासकट जंगलात हजर. एका वाक्याचाही खुलासा नाही.

प्रश्न : भयपटांत इतके योगायोग असतात. नेमका फोन बंद, नेमकी गाडी बंद. तुम्हाला हे चालतं?

उत्तर : संकटात टाकणारा योगायोग मला चालतो. लॉरीची किल्ली तसाच योगायोग आहे. खुन्याला वाचवणारा नाही चालत.

आणि कधी कधी योगायोग हाच सापळा असतो. ‘आय स्टिल नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ (१९९८) बघितला असेल तर आठवा : रेडिओवरून फोन येतो, ब्राझीलची राजधानी कोणती विचारतात, मुली घाईघाईत रिओ सांगतात, आणि बहामाच्या सहलीची तिकिटं जिंकतात. प्रेक्षक हसतो, लेखकाला भूगोल येत नाही म्हणतो. राजधानी ब्राझिलिया आहे. बेटावर पोचल्यावर नायिका ज्युलीच्या ते लक्षात येतं, आणि मग कळतं की स्पर्धाच खोटी होती. खुन्याला त्या मुलींना बेटावर आणायचं होतं. त्यांनी कोणतंही शहर सांगितलं असतं तरी त्या जिंकल्याच असत्या. चित्रपट म्हणून मला तो पहिल्यापेक्षा बराच कमी वाटतो, पण ही एक युक्ती अव्वल आहे. प्रेक्षकाला जी चूक वाटते तिच्यातच कथेची किल्ली ठेवायला धाडस लागतं.

‘फायनल डेस्टिनेशन २’ (२००३)नेही हे केलंय. तिथे चाकूवाला खुनी नाही, पण बांधणी स्लॅशरचीच. महामार्गावरच्या अपघातातून वाचलेली माणसं एकमेकांना अनोळखी वाटतात. मग उलगडतं, की पहिल्या भागातल्या कुणाच्या तरी मृत्यूमुळे यातला प्रत्येक जण आधी एकदा वाचलेला आहे. एक बाई पहिल्या भागातल्या टेरीला चिरडणाऱ्या बसमध्ये होती, म्हणून मुक्कामाच्या जागी वेळेत पोचली नाही आणि तिथल्या गॅसगळतीतून वाचली. एका शिक्षकाला मृत शिक्षिकेच्या जागी बदलून आणलं होतं. ही माणसं एकत्र येणं आधी निव्वळ योगायोग वाटतं, आणि नंतर तोच कथेचा कणा ठरतो. पुढचा भाग लिहावा तर असा, आधीच्या भागाच्या मृत्यूंना अर्थ देणारा.

प्रश्न : फ्रेडी फक्त स्वप्नात मारू शकतो ना? मग दुसऱ्या भागात जागी मुलं कशी मरतात?

उत्तर : नियम मोडला, दुसरं काही नाही. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या १९८४च्या पहिल्या भागात दिग्दर्शक वेस क्रेव्हन यांनी नियम स्वच्छ आखला होता : झोपलात तर तो आहे, जागे असाल तर नाही. पहिल्या भागाचा शेवटही त्यांना साधा हवा होता; नायिका नॅन्सी फ्रेडीकडे पाठ फिरवते, त्याला दिलेली भीती काढून घेते, आणि उजाडतं. निर्माते रॉबर्ट शे यांना पुढच्या भागासाठी दार उघडं हवं होतं. म्हणून शेवटी नॅन्सीच्या आईला दाराच्या खिडकीतून आत खेचतात. त्यात ती खरंच गेली का हे कुणालाच कळत नाही. दुसऱ्या भागात (१९८५) सांगतात, की आईने घरातच जीव दिला. त्याच भागात फ्रेडी जेसी या मुलाच्या शरीरातून बाहेर येतो आणि पोहण्याच्या तलावाजवळ पार्टीतल्या जाग्या मुलांना मारतो. नियमच राहिला नाही तर जागं राहण्याची धडपड कशासाठी?

तिसऱ्या भागाच्या (१९८७) लेखनात क्रेव्हन परत आले आणि नॅन्सीही परतली. तिचे केस बघा. पहिल्या भागात झोपेच्या तपासणीच्या रात्री तिच्या केसांत एक पांढरी बट उमटते. तिसऱ्या भागात ती तशीच आहे. त्याबद्दल कुणी संवाद म्हणत नाही, कॅमेरा मुद्दाम थांबत नाही. पण ज्याने हे लक्षात ठेवलं त्याने नॅन्सीच्या त्या रात्रीचा मान राखला. मी या मालिकेतली कंटिन्युइटी म्हणून कुणाला एकच गोष्ट दाखवायची ठरवली, तर ती बट दाखवीन.

प्रश्न : एका वाचकांचं पत्र जरा रागाचं आहे. ते लिहितात : हे चित्रपट पैशासाठी घाईघाईने काढलेले असतात. त्यांत सुसंगती शोधणं वेळ घालवणं नाही का?

उत्तर : घाईने काढलेले असतात, हे खरं. पण समोर बसलेला प्रेक्षक खरा असतो. त्याने एका मुलीबरोबर दीड तास श्वास रोखून काढलेला असतो.

‘एच२०’चा शेवट घ्या. लॉरी वीस वर्षं खोटं नाव घेऊन, दारूचा आधार घेत, मुलावर डोळ्यांत तेल घालून पहारा करत जगली आहे. शेवटी ती पळत नाही. मायकेलचं प्रेत नेणारी गाडी ती स्वतः पळवते, तो उठल्यावर गाडी दरीत घालते, आणि तो अडकलेला असताना हात पुढे करतो. ती क्षणभर हात लावायला जाते, थांबते, आणि कुऱ्हाडीने त्याचं डोकं उडवते. तो क्षणभराचा थांबा जेमी ली कर्टिस यांनी असा केलाय, की वीस वर्षं त्यात दिसतात.

२००२च्या ‘हॅलोवीन : रिसरेक्शन’ने काय सांगितलं? तो मायकेल नव्हताच. त्याने एका पॅरामेडिकचा गळा आतून चिरडला, त्याला आपले कपडे आणि मुखवटा घातला आणि निघून गेला. हात पुढे करणारा माणूस निरपराध होता, बोलता येत नव्हतं म्हणून विनवणी करत होता. तांत्रिकदृष्ट्या ही कंटिन्युइटी बसते. हात पुढे करण्यालाही कारण मिळतं. तरी मी ती कधी स्वीकारली नाही. लॉरीच्या आयुष्यातला एकमेव विजय निरपराध माणसाच्या खुनात बदलला, आणि मग सुरुवातीच्या काही मिनिटांतच तिला मारून टाकलं. हक्क ज्यांच्याकडे होते त्यांना मायकेल जिवंत हवा होता, इतकंच.

तळं समुद्राला मिळालं तर मी हसून पुढे जाते, बुधवारचा शुक्रवार झाला तरी हरकत नाही. जी मुलगी सकाळपर्यंत जिवंत राहिली तिने सोसलेलं परत घेतलं, की मी चिडते. सेटवर जखमेचा डाग एका शॉटमधून दुसऱ्यात नीट यावा म्हणून आम्ही धडपडतो ते याचसाठी. ते दुखणं पुढच्या क्षणीही खरं राहिलं पाहिजे. पैसा कमी असला म्हणून त्याला वेगळा नियम लागत नाही.

प्रश्न : अशी एखादी मालिका आहे का, जिच्यात धागा शेवटपर्यंत सांभाळला आहे?

उत्तर : चकी या खुनी बाहुल्याची. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८)पासून डॉन मॅनसिनी लिहीत आले आणि बाहुल्याला आवाज ब्रॅड डूरिफ यांचा. २०१३च्या ‘कर्स ऑफ चकी’त बाहुला स्वच्छ, नवाकोरा दिसला तेव्हा चाहत्यांना वाटलं, आधीचे भाग पुसले. मग चित्रपटाच्या मध्यावर चेहऱ्यावरचा लेप सुटतो आणि खाली जुने टाके, जुने व्रण दिसतात. चाहत्यांची शंकाच त्यांनी प्रसंगात वापरली. वेळापत्रकात त्यांनीही ओढाताण केली आहे. तिसरा भाग दुसऱ्यानंतर वर्षभराच्या आत आला आणि चकी ज्याच्या मागे लागतो तो मुलगा अँडी त्यात एकदम आठ वर्षांनी मोठा, सैनिकी शाळेत. पण तो अँडी मोठेपणीही आधीचं काही विसरलेला नाही.

प्रश्न : ‘हॅलोवीन’ नव्याने बघायचे आहेत. कोणत्या क्रमाने बघू?

उत्तर : सगळे ओळीने बघू नका, गोंधळ होईल. वाट निवडा. पहिली वाट : १, २, ४, ५, ६. हिच्यात लॉरी मोटार अपघातात गेली असं धरलंय आणि गोष्ट तिच्या मुलीची, जेमीची आहे. दुसरी वाट : १, २, ‘एच२०’, इथे तो अपघात लॉरीने स्वतःच रचलेला आणि जेमी अस्तित्वातच नाही. ‘रिसरेक्शन’ याच वाटेवर येतो, पण ‘एच२०’नंतर थांबा असं मी सांगेन. तिसरी वाट : १, मग २०१८, ‘किल्स’ (२०२१), ‘एंड्स’ (२०२२). रॉब झॉम्बी यांचे दोन वेगळे, स्वतंत्र.

राहिला १९८२चा तिसरा भाग, ‘सीझन ऑफ द विच’. त्यात मायकेल नाही म्हणून त्या वेळी प्रेक्षक रागावले. दर वर्षी हॅलोवीनच्या रात्रीची नवीन गोष्ट सांगायची, असा तेव्हा बेत होता. या भागात १९७८चा चित्रपट चक्क टीव्हीवर लागलेला दिसतो, म्हणजे तिथल्या माणसांसाठी मायकेल हे सिनेमातलं पात्र आहे. मला हा भाग आवडतो. तो कोणत्याही वाटेच्या आधी, मध्ये किंवा नंतर बघितला तरी चालेल.